मदत हवी आहे : ब्ल्यूखर आणि वाव्रची माघार

नमस्कार मंडळी. प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर याच्यावर लेख लिहितोय, एका जागी अडलोय. १८०६ मध्ये ल्यूबेकजवळ शरण जावं लागलेला हा माणूस १८१३ मध्ये काट्सबाखची लढाई जिंकतो. आणि १६ जून १८१५ ला नेपोलियनविरुद्ध हरलेल्या लिन्यीच्या लढाईत, वयाच्या ७२व्या वर्षी, मेलेल्या घोड्याखाली अडकतो! त्या संध्याकाळी माघार घेणारं सैन्य वाव्रकडे (बेल्जियममधलं गाव) वळवलं ते त्याचा चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे मोहिमेची आखणी करणारा मुख्य अधिकारी, ग्नायझेनाउ याने. पूर्वेला रसदीकडे न जाता उत्तरेला. म्हणून तर १८ तारखेला प्रशियन वेलिंग्टनच्या मदतीला वॉटर्लूला पोचू शकले.

मग श्रेय कुणाचं धरायचं? प्रशियन सैन्यात सेनापती आणि चीफ ऑफ स्टाफ यांच्यात अधिकार कसे वाटलेले असत? जाणकारांनी कृपया समजावून सांगावं. लिन्यी ते वाव्र रस्ते दाखवणारा नकाशा कुणाकडे असेल तर तोही हवाय.