वादग्रस्त मजकूर विद्यार्थ्यांपासून दूर ठेवावा का?

प्रश्न (नदीकाठ)
आमच्या शाळेच्या ग्रंथालयातील काही पुस्तके अकरावी-बारावीच्या मुलांना देऊ नयेत, अशी लेखी मागणी काही पालकांनी केली आहे आणि ग्रंथालय समितीची सदस्य म्हणून मला मत द्यायचे आहे. त्यावरून २०१२ सालचा वाद आठवला. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात व्यंगचित्रकार शंकर यांचे १९४९ मधील चित्र होते. त्यात संविधानरूपी गोगलगायीवर बसलेले डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यामागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू दाखवले होते. संसदेत गदारोळ झाला, सरकारने चित्र वगळण्याचे जाहीर केले आणि पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. तो निर्णय मुलांच्या हिताचा होता, असे आपणांस वाटते का?

प्रतिसाद (वाचनघर)
मला तसे वाटत नाही. संविधान तयार व्हायला जवळजवळ तीन वर्षे का लागली, हा प्रश्न पुस्तकाने त्या चित्राखालीच विचारला होता आणि एकमत घडवण्यासाठी संविधान सभेने किती सविस्तर चर्चा केली, हे त्या प्रकरणातच मांडले होते. दोन वर्षांत मतदान करू लागणाऱ्या मुलांना हे समजणार नाही, असे मानणे हा त्यांच्यावरचा अविश्वास आहे.

प्रतिसाद (उत्तरायण)
वरील मत मला निम्मेच मान्य आहे. दलित माणसावर उगारलेल्या चाबकाला या देशात इतिहास आहे, त्यामुळे बाकीचा वर्ग हसत असताना ज्या एकदोन मुलांकडे नजरा वळतात, त्यांचा अपमान खरा असतो आणि त्याला केवळ 'भावना दुखावणे' म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. तरीही पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची झालेली मोडतोड कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही. पुढे काय झाले, तेही पाहावे. या वादानंतर पाठ्यपुस्तके तपासण्यासाठी नेमलेल्या सुखदेव थोरात समितीने राजकारणी आणि नोकरशहा यांच्यावरील इतरही अनेक व्यंगचित्रे वगळण्याची शिफारस केली. दलित विद्यार्थ्याच्या सन्मानासाठी उठलेल्या आक्षेपाचा लाभ असा सत्ताधाऱ्यांना मिळाला, याचे मला आजही दुःख होते. समितीतील एम. एस. एस. पांडियन यांनी स्वतंत्र भिन्नमतपत्रिका जोडली होती.

प्रतिसाद (खडूफळा)
ग्रंथालयातील पुस्तक आणि सर्वांना सक्तीचे असलेले पाठ्यपुस्तक यांत फरक करावा, कारण पहिले मूल स्वतः निवडते. आक्षेप घेणाऱ्या पालकांनी संपूर्ण पुस्तक वाचून नेमकी पाने कळवावीत, समितीनेही ते वाचून कारणांसह लेखी निर्णय द्यावा आणि तोपर्यंत पुस्तक कपाटातून काढू नये. आपल्या पाल्याने काय वाचू नये, हे पालक सांगू शकतात. मात्र इतरांच्या मुलांसाठी तो निर्णय घेण्याचा अधिकार त्यांना नाही. ज्या मजकुराने वर्गातील एखाद्या मुलाच्या जातीवर बोट ठेवले जाण्याची शक्यता असेल, तो शिकवण्याआधी शिक्षकांनी त्याची पूर्वपीठिका स्वतः नीट अभ्यासावी आणि त्यासाठी मुख्याध्यापकांनी त्यांना वेळ द्यावा.