उर्बानोविच लढवय्या की भाडोत्री?

रणगाडा : 'पोलिश वैमानिक विटोल्ड उर्बानोविच दुसऱ्या महायुद्धात आधी ब्रिटिशांकडून लढला, मग चीनमध्ये अमेरिकनांकडून. म्हणजे भाडोत्रीच,' असं स्पष्टवक्ता यांनी ठोकून दिलंय. अहो, १९३९ मध्ये देशच गिळला गेला, तर माणसानं विमान आणायचं कुठून? लंडनजवळच्या नॉर्थोल्ट तळावरची ३०३ स्क्वाड्रन, म्हणजे ब्रिटिश हवाई दलातली लढाऊ विमानांची तुकडी, पोलिशच होती. सप्टेंबर १९४० मध्ये तिचा प्रमुख क्रास्नोडेम्ब्स्की होरपळला, तेव्हा यानं सूत्रं हाती घेतली. चीनचं म्हणाल, तर पोलंडनं डिसेंबर १९४१ मध्येच जपानशी युद्ध पुकारलं होतं. वॉशिंग्टनच्या पोलिश वकिलातीतली खुर्ची सोडून हा तिकडे गेला. असा असतो भाडोत्री?

स्पष्टवक्ता : भाषण झालं? '३०३ नं १२६ विमानं पाडली' हे किती दिवस मिरवणार? नंतर जर्मन कागद ताडले तर निम्मीही भरेनात. वर त्यांचा पहिल्या नंबरचा नेमबाज फ्रांतिशेक, तो तर चेक!

रणगाडा : एकाच विमानावर चौघं गोळ्या झाडतात आणि चौघंही दावा करतात. इंग्रज तुकड्यांचे आकडेही असेच फुगलेत. तिथे का दातखीळ बसते?

करवीरकर : पोलिश म्हटलं की आमचं वळिवडे कुणाला आठवत नाही. कोल्हापूरजवळ तिथे पोलिश निर्वासितांची छावणी होती; १९४३ ते ४८, पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका-पोरं. कोल्हापूरनं पोसली. आजोबा छावणीत दूध घालायचे. एक पोलिश बाई चरवीत बोट बुडवून बघायची आणि सगळ्यांसमोर 'पानी!' म्हणून ओरडायची. मरेपर्यंत तिच्या नावानं बोटं मोडत होते.

तिरकस : पोसली? छावणीचा खर्च लंडनमधलं पोलिश सरकार करायचं. फुकटचं श्रेय नको. ऑक्टोबर १९४० मध्ये चोवीस भारतीय वैमानिक इंग्लंडला पोचले, त्यांच्यावर कुणी चार ओळी लिहील का?

करवीरकर : तुम्हीच लिहा की, हात कुणी धरलेत? पैसे त्यांचे असतील, पण जागा कुणाची, शेजार कुणाचा? पुण्यात बसून कोल्हापूरला हिशेब शिकवू नका.

तिरकस : मी नागपूरचा आहे.

करवीरकर : मग तर बोलूच नका.

रणगाडा : मूळ मुद्द्यावर या. १९४६ च्या लंडनच्या विजय संचलनाला पोलिश वैमानिकांपैकी पंचवीस जणांना बोलावणं होतं. बाकीच्या पोलिश सैन्याला वगळलं म्हणून तेही गेले नाहीत. त्यांच्यातलाच वैमानिक स्काल्स्की मायदेशी परतला, तर १९४८ मध्ये अटक आणि पुढे फाशीची शिक्षा. ती रद्द झाली, पण सुटायला १९५६ उजाडलं. कसलं भाडं मिळालं यांना?

स्पष्टवक्ता : बरं बाबा, भाडोत्री नव्हता. पेढे वाटा आता. पण १२६ मी मानत नाही. आणि इथे दूध कुणी आणलं, ते आधी बघा.