सेकंडहँड सेलमध्ये खरी जुनी, किमती वस्तू पटकन ओळखायची कशी?

नवा_शौकीन:
मंडळी, हल्ली सेकंडहँड सेलला जायचा नाद लागलाय. टेबलावर काचेचे बाऊल, चमचे, बिडाचे तवे, लाकडी पेट्या सगळं एकत्र असतं, मागचे लोक घाई करत असतात, आणि खरंच जुनं कुठलं, नुसतं जुनाट दिसणारं कुठलं हे उभ्या उभ्या कळत नाही. पहिली नजर कुठे टाकायची?

बूड_आधी:
वस्तू उलटी करा, बाकी सगळं नंतर. चिनीमातीच्या भांड्याला बुडाची जी कड टेबलावर टेकते तिथे खऱ्या वापराचे ओरखडे वेडेवाकडे असतात, कुठे खोल कुठे पुसट, आणि मुद्दाम जुनं केलेल्याला पॉलिशपेपर मारल्यासारखे एकाच दिशेचे. मग शिक्का बघा. अमेरिकेत १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव टाकणं सक्तीचं झालं, त्यामुळे देशाचं नाव असलेली परदेशी वस्तू सहसा त्यानंतरची. 'ऑक्युपाइड जपान' लिहिलं असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतच्या काळातली, 'वेस्ट जर्मनी' म्हणजे १९४९ ते १९९० मधली. 'मायक्रोवेव्ह सेफ' दिसलं की खाली ठेवा, वर कितीही जुनी नक्षी असो. शिक्क्यांच्याही नकला होतात म्हणून शिक्का आणि झीज दोन्ही जुळली पाहिजेत.

धातूवेडा:
वरच्याशी सहमत. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. पितळी म्हणून विकत असतील आणि चिकटलं, तर आत लोखंड आहे, वर मुलामा. पण चिकटलं नाही म्हणजे चांदी असं अजिबात नाही, इथेच बरेच लोक फसतात. चमच्यावर 'ईपीएनएस' असेल तर तो तांबं, निकेल, जस्ताचा मिश्रधातू, चांदीचा फक्त थर. खऱ्या चांदीवर '९२५' किंवा 'स्टर्लिंग' हवं. चमचा पालथा करून फुगीर भाग बघा, सगळ्यात जास्त घासला जातो तो तिथेच, मुलामा उडून खालचा पिवळसर धातू दिसला की विषय संपला.

बिडाचातवा:
बिडाबद्दल सांगतो, कारण गंजलेला तवा बघून लोक पुढे जातात आणि चांगला माल तसाच पडून राहतो. गंज निघतो हो, तडा नाही निघत! बोटाने टिचकी मारा, घणघणीत वाजला तर बरा, बद्द आवाज आला तर चीर शोधा. अमेरिकेतल्या ग्रिसवोल्ड, वॅगनर या कंपन्यांचे जुने तवे आतून घासून गुळगुळीत केलेले आणि हाताला हलके असतात. बुडावर मधोमध उंचवट्याची लांब रेघ असेल तर ती ओतकामाची खूण, असे तवे साधारण एकोणिसाव्या शतकातले, ते सोडू नका. फक्त जुन्या भांड्यात कुणी शिसं वितळवलेलं असू शकतं म्हणून स्वयंपाकाला घेण्याआधी शिशाची टेस्ट कराच.

नवा_शौकीन:
वा, भारी माहिती! काच आणि लाकडाचं पण सांगा ना कुणी.

बूड_आधी:
काचेच्या काठावरून बोट फिरवा, टवका डोळ्याआधी बोटाला कळतो. धुरकट काच ओली करून चकचकीत दाखवतात, म्हणून कोरडी करूनच बघायची. अतिनील (यूव्ही) टॉर्चखाली युरेनियम काच, म्हणजे रंगासाठी युरेनियम मिसळलेली काच, झगझगीत हिरवी दिसते, मँगनीज मिसळलेली पण हिरवट चमकते पण फिकी, त्यामुळे नुसती चमक बघून पैसे मोजू नका.

लाकडी पेटीचा खण पूर्ण बाहेर काढा. हाताने कापलेले सांधे एकमेकांसारखे नसतात, मशीनचे तंतोतंत सारखे. अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात आले, ते मूळचेच असतील तर पेटी त्याआधीची नाही. आता नंतर दुरुस्तीत पण घातलेले असतात, म्हणून स्क्रूच्या शेजारी दुसरी जुनी, बुजवलेली भोकं आहेत का ते बघायचं.