कादंबरीतला पक्ष ४० वर्षं सत्तेत ठेवायचाय, पण खरा वाटत नाही

सिडकोवासी
देश काल्पनिक. संसदेत २४० जागा, निवडणुका वेळेवर, मतपेट्या पळवणं वगैरे काही नाही. तरी एकच पक्ष ४० वर्षं राज्य करतो. त्याला ८० टक्के मतं दिलीत. खर्डा वाचणारे म्हणतात, ही सरळ हुकूमशाही वाटते. कुठे चुकतंय? आणि शेवटी पक्ष हरवायचाय, तो कसा?

गंगापूर_रोड
८० टक्के आधी खोडा. १९५२ला काँग्रेसला मतं होती ४५ टक्के आणि जागा ४८९ पैकी ३६४. एक मतदारसंघ मांडून बघा: वैध मतं १ लाख. पक्षाला ४२ हजार, विरोधकांना २२, १८, १२ आणि ६. विरोधात ५८ हजार पडूनही गडी आरामात निवडून येतो. म्हणजे तुमच्या पक्षाला ४२ ते ४५ टक्के मतं आणि १७०-१७५ जागा पुरेत. फक्त विरोधक देशभर विखुरलेले हवेत. एखाद्या प्रांतात त्यांची मतं एकवटली की तिथे तेच येणार. असे एक-दोन प्रांत नकाशात ठेवाच, देश जिवंत वाटेल.

निफाडकर
आकडे ठीक, पण मतं येतात कुठून ते दाखवा. राजधानीतल्या भाषणांतून येत नाहीत. गावच्या सहकारी सोसायटीतून पीककर्ज, सोसायटीला पैसा जिल्हा बँकेकडून, माल बाजार समितीत. आपल्याकडे बाजार समितीच्या १८ संचालकांपैकी १५ जण सोसायट्यांच्या संचालक मंडळांचे आणि ग्रामपंचायतींचे सदस्य निवडतात, व्यापाऱ्यांचे दोन, हमाल-मापाऱ्यांचा एक. सोसायट्या ज्याच्या खिशात, समिती त्याची. धमकी द्यावीच लागत नाही. पेरणी तोंडावर आली की कर्जाचा अर्ज ‘पुढच्या मीटिंगला घेऊ’ एवढं म्हटलं तरी पुरतं. तुमच्या देशात ऊस-कांदा नसेल तर मासे घ्या, खाण घ्या. साखळी हीच ठेवा.

पंचवटी_कारंजा
खरा विरोधी पक्ष सत्ताधाऱ्यांच्या आतच असतो. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी १९६४ साली ‘काँग्रेस व्यवस्था’ म्हणून मांडलं ते हेच. नमुना आपल्या गावातच आहे. सप्टेंबर १९५०चं काँग्रेस अधिवेशन नाशकात झालं. अध्यक्ष पुरुषोत्तमदास टंडन, नेहरूंच्या मनाविरुद्ध कृपलानींना हरवून आलेले. ठराव मात्र नेहरूंच्या धोरणाचे मंजूर झाले. वर्षभरात टंडन यांचा राजीनामा आणि नेहरू स्वतःच अध्यक्ष. पक्षाध्यक्ष विरुद्ध पंतप्रधान, एवढ्यावर तुमची चार प्रकरणं निघतील.

पक्षातले गट आणखी धारदार करायचे तर जपानची जुनी पद्धत उचला. एका मतदारसंघातून बहुधा ३ ते ५ खासदार, पण मतदाराला मत एकच. बहुमत हवं तर पक्षाला एकाच ठिकाणी दोन-तीन उमेदवार उभे करावे लागत, आणि ते एकमेकांचीच मतं खात. मग प्रत्येकाला पैशासाठी गटाचा म्होरक्या लागे आणि मंत्रिपदं गटांच्या हिशेबाने वाटली जात. तिथल्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाची अशी १९५५ ते १९९३ सलग सत्ता होती.

सिडकोवासी
हे भारी. पण हरवू कसा? सध्या विद्यार्थ्यांच्या मोर्चाने सरकार पडतं.

गंगापूर_रोड
मोर्चाने सिनेमात पडतं. वरचाच मतदारसंघ घ्या. पक्ष ४२ वरून ३८वर येतो, आणि २२ आणि १८वाले जागावाटप करतात. ४० विरुद्ध ३८, खेळ संपला. सगळी मतं वळत नाहीत म्हणा, दोन हजारांहून जास्त गळाली की पक्ष पुन्हा वर. त्यामुळे काही जागा अगदी थोडक्यात राखलेल्या दाखवा. १९६७ला काँग्रेसची मतं ४१ टक्क्यांच्या आसपास उतरली आणि ५२० पैकी २८३ जागा राहिल्या. केंद्र टिकलं, कितीतरी राज्यं गेली.

पंचवटी_कारंजा
आणि एका फटक्यात पाडू नका. मेक्सिकोत १९२९ पासून एकच पक्ष सत्तेत, पुढे त्याचं नाव पीआरआय. देशाचा मावळता अध्यक्षच वारस ठरवायचा. १९८८ला पक्षातून फुटलेलाच माणूस समोर उभा राहिला, १९९६ला निवडणूक यंत्रणा सरकारच्या हातातून सुटली, १९९७ला कनिष्ठ सभागृहातलं बहुमत गेलं, २०००ला अध्यक्षपद. तुमच्याकडे ४० वर्षं आहेत, फूट तिसाव्या वर्षाच्या आसपास पाडा. फुटणारा मात्र तिकीट न मिळालेला जुना मंत्रीच हवा. यादी जाहीर व्हायच्या आदल्या रात्रीपासून सुरू करा.