अँटी-डी इंजेक्शनचा क्लेम दोनदा परत आलाय, सल्ला हवा

रातपाळी_हिंजवडी:
नमस्कार मंडळी. इथे अमेरिकन बिलिंगमधले बरेच जण आहेत, म्हणून विचारते. चार वर्षं इमर्जन्सीचे चार्ट केले, गेल्या महिन्यात मला गायनॅकच्या अकाउंटवर टाकलं. पेशंट आरएच निगेटिव्ह, २८ आठवडे पूर्ण, ऑफिसमध्ये अँटी-डीचं इंजेक्शन कमरेत दिलंय. मी ९०३८४ (औषधाचा कोड) आणि ९०४७१ (टोचण्याचा) लावले. क्यूएने (आमच्या तपासणी टीमने) एरर मारली, पेअरने (विमा कंपनीने) दोन्ही लाइन नाकारल्या. मग सीनियरने सांगितलं म्हणून जे२७९० हा औषधाचा दुसरा कोड, एक युनिट टाकून पाठवलं, तर आता "एनडीसी (खोक्यावरचा औषधाचा नंबर) जुळत नाही" म्हणून परत. क्वालिटी स्कोअर घसरलाय आणि टीम लीड रोज विचारतोय. नेमकं कुठे चुकतंय? आणि अँटी-डीसारख्या इम्यून ग्लोब्युलिनसाठी हाताशी ठेवावं असं काही आहे का?

कोडवाले_काका:
पहिली चूक ९०४७१. तो लस टोचण्याचा कोड आहे. लस शरीराला अँटिबॉडी तयार करायला लावते; ग्लोब्युलिन म्हणजे आयत्या अँटिबॉडी. सीपीटी कोडच्या पुस्तकात दोन्ही शेजारीशेजारी छापलेत, त्यामुळे नवा माणूस हमखास घसरतो. स्नायूत दिलं तर ९६३७२. आणि नर्सने नुसतं इंजेक्शन दिलं असेल तर सोबत ९९२११ (नर्सच्या छोट्या व्हिजिटचा कोड) लावू नका, ते चालत नाही. डॉक्टरांनी वेगळी तपासणी केली असेल तरच पुढची व्हिजिट, वेगळी सेवा दाखवणाऱ्या २५ मॉडिफायरसह.

औषधाच्या कोडचं पेअरवर आहे. मेडिकेअर (अमेरिकी सरकारचा विमा) ९०३८४ घेत नाही, 'जे'ने सुरू होणारा कोड मागतं. कमर्शियलवाले कुणी हा मागतात, कुणी तो. पॉलिसी उघडून बघा. दोन्ही एकदम मात्र कधीच नाही.

नाशिककर_सीपीसी:
काका बरोबर, पण एनडीसीचं कोडं त्याने सुटत नाही. ताई, नर्सच्या नोटमध्ये ब्रँड काय लिहिलाय? लॉट नंबरच्या आसपास बघा.

रातपाळी_हिंजवडी:
एमएआरमध्ये (दिलेल्या औषधांच्या नोंदीत) "रोफिलॅक १५०० आययू, उजवा ग्लुटियल". वर डॉक्टरांच्या ऑर्डरमध्ये मात्र "ऱ्होगॅम".

नाशिककर_सीपीसी:
सापडलं! डॉक्टर सगळ्यालाच ऱ्होगॅम म्हणतात, आपण कुठल्याही झेरॉक्सला झेरॉक्स म्हणतो तसं. ऑर्डरवरून कोड करू नका, जे टोचलं त्यावरून करा. रोफिलॅकला स्वतःचा कोड आहे, जे२७९१, आणि तो १०० आययूचा एक युनिट. म्हणजे १५०० ला १५ युनिट. जे२७९० हा अख्ख्या ३०० मायक्रोग्रॅमच्या डोसचा, तिथे एकच युनिट. तुम्ही कोड एकाचा दिलात आणि एनडीसी दुसऱ्याचा, सिस्टिम नाकारणारच.

आता पुढचा खड्डा: एनडीसीचं प्रमाण वेगळं मोजतात. सिरिंज २ मिलिलिटरची आहे, म्हणून तिथे एमएल २. पंधरा तिथे लिहू नका. मी लिहिलं होतं, पहिल्याच आठवड्यात. खोक्यावर दहा आकडी नंबर असेल तर शून्य घालून ५-४-२ असे अकरा करायचे, शून्य कुठल्या भागात ते बघून. सिरिंज पूर्ण वापरली, काही टाकून दिलं नाही. मेडिकेअरचे नियम पाळणारा पेअर असेल तर तसं सांगणारं जेझेड मॉडिफायर लागेल. १ जुलै २०२३पासून ते सक्तीचं आहे.

निदान काय लावलंत?

रातपाळी_हिंजवडी:
ओ३६.०१ लावलं होतं.

कोडवाले_काका:
अरे देवा. ते अँटिबॉडी आधीच तयार झालेल्या बाईचं. हिच्यात त्या होऊ नयेत म्हणून तर इंजेक्शन! अँटिबॉडी स्क्रीन निगेटिव्ह आहे ना चार्टमध्ये? आमच्याकडे ओ२६.८९३, रक्तगटाचा झेड६७ (ओ निगेटिव्ह असेल तर झेड६७.४१), झेड२९.१३ आणि आठवड्यांसाठी झेड३ए.२८ असं जातं. शेवटचा ३ तिसऱ्या तिमाहीचा. २७ आठवडे ६ दिवस असते तर २ आला असता, तारीख मोजून घ्या.

नागपुरी_संत्रं:
मी इन्फ्युजन सेंटर करतो, तिथे खेळ वेगळा. आयव्हीआयजीला (शिरेतून द्यायच्या ग्लोब्युलिनला) बहुतेक प्रत्येक ब्रँडचा कोड निराळा, युनिट ५०० मिलिग्रॅमचं. प्रिव्हिजेन ३५ ग्रॅम दिलं की जे१४५९ चे ७० युनिट. वेळेवर लक्ष ठेवा: ३ तास २० मिनिटं चाललं तर ९६३६५ (पहिला तास) एक आणि ९६३६६ (पुढचा प्रत्येक तास) दोन, उरलेली २० मिनिटं वाऱ्यावर. तिसऱ्या ९६३६६ साठी ३० मिनिटांच्या वर हवं. नर्सने थांबवल्याची वेळ लिहिली नसेल तर आधी क्वेरी टाका, अंदाजाने तास भरू नका.

हाताशी ठेवायला: सीएमएसची (मेडिकेअर चालवणाऱ्या खात्याची) एएसपी फाइल, म्हणजे औषधांच्या दरांची, दर तिमाहीला नवी निघते, फुकट आहे. कोणत्या कोडचं एक युनिट किती ते तिथेच कळतं. सोबत एनडीसीचा क्रॉसवॉक (कुठल्या एनडीसीला कुठला कोड ते) मिळतो, तुमच्यासाठी तोच जास्त कामाचा.

चावरा_मोती:
रेबीजवाल्यांनीही वाचा, तिथे लस आणि ग्लोब्युलिन दोन्ही एकाच दिवशी येतात. ग्लोब्युलिन वजनावर, किलोला २० आययू, त्याला ९६३७२. लस ९०६७५, तिला ९०४७१. माझ्या अकाउंटवर ५९ मॉडिफायर लावल्याशिवाय ९६३७२ सुटत नाही.

रातपाळी_हिंजवडी:
काका, नाशिककर, सगळ्यांचे आभार. स्क्रीन निगेटिव्हच आहे, आत्ता पाहिलं. जे२७९१ गुणिले १५, ९६३७२, एमएल २, निदान बदलून. नवा क्लेम टाकू की करेक्टेड?

नाशिककर_सीपीसी:
करेक्टेड. फ्रीक्वेन्सी कोड ७ आणि जुन्या क्लेमचा नंबर. नवा टाकलात तर डुप्लिकेट म्हणून उडेल. सर्व्हिसची तारीख कधीची? मुदत बघा.

रातपाळी_हिंजवडी:
अडीच महिने झालेत, पेअरची मुदत ९० दिवस. आज लॉगिन केल्यावर पहिलं तेच.