री: १९३० इथून लागत नाहीये, अर्जंट

मंजिरी:
मंडळी, १९३० ही भारतातली सायबर फसवणुकीची हेल्पलाइन इथून, परदेशातून, लागत नाहीये, +९१ लावूनही नाही. सासऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर वाहतुकीच्या दंडाचं चलन म्हणून एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची) फाइल आली, त्यांनी ती उघडून इन्स्टॉल पण केली आणि आता फोनवर बँकेचे मेसेजच येत नाहीयेत. पैसे गेलेत की नाही तेही कळेना. सुनीलदादा, मागे त्या प्रकरणात तुम्ही फॉर्म पाठवला होतात तो कुठला?

सुनील:
१९३० तिथूनच लागतो, दिराला लावायला सांग. त्याच्याही आधी सासऱ्यांचा फोन एअरप्लेन मोडवर, वायफाय पण बंद. त्या एपीकेला एसएमएस वाचायची परमिशन मिळालेली असते, ओटीपी परस्पर तिकडे जातात. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून नेटबँकिंग, यूपीआय, कार्ड सगळं ब्लॉक. बँकेचा नंबर कार्डाच्या मागचा घ्या, गूगलवर शोधू नका, तिथे खोटे कस्टमर केअर बसलेले असतात. फॉर्म म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन, पण त्यालाही ओटीपी लागतो, तो सासऱ्यांच्या फोनवर मागवू नकोस म्हणजे झालं.

विवेक:
ओटीपीचा विषय निघालाच आहे तर, रिचार्ज न केलेलं भारतातलं सिम बंद पडतं आणि तो नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो, आणि आपल्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या) खात्याला तोच लावलेला असतो. हे मी मागच्या वर्षी लिहिलं होतं, एकाचंही उत्तर आलं नाही.

शुभदा:
विवेक, सिमसाठी वेगळा थ्रेड काढा ना. मला जरा कडू बोलायचंय. आपल्यातले निम्मे लोक आईबाबांचं नेटबँकिंग इथून चालवतात, एफडी रिन्यू कर, लाइट बिल भर, आणि दर वेळी फोनवर "बाबा, ओटीपी आला का? वाचा." ही सवय कोणी लावली? मग बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला तोच आकडा वाचून दाखवला की आपणच ओरडतो. माझी आई म्हणाली, "तुला नाही का सांगत? तोही गोडच बोलत होता." आईबाबांच्या रेसिडेंट खात्यात जवळच्या एनआरआय नातेवाइकाला ईदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असा जॉइंट खातेदार म्हणून घेता येतं, रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे. आपलं लॉगिन, ओटीपी आपल्या नंबरवर. पैसे मात्र त्यांच्याच कामाला वापरायचे.

ज्येष्ठ कट्टा समिती:
सायबर सुरक्षेचा वेबिनार ज्येष्ठ कट्ट्याच्या कॅलेंडरवर आधीच आहे. कृपया इतरांनी परस्पर कार्यक्रम जाहीर करू नये.

शुभदा:
कोणी जाहीर केलाय??

सुनील:
जॉइंटला बऱ्याच ब्रँच प्रत्यक्ष या म्हणतात, पुढच्या खेपेपर्यंत थांबणार का? तोवर ट्रान्सफर लिमिट खाली आणा, आणि कार्डाचे इंटरनॅशनल व्यवहार कोणी चालू केले असतील तर बंद करा. आणि कळवायला उशीर नको. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या सर्क्युलरप्रमाणे गळती तिसरीकडेच झाली असेल, आपली किंवा बँकेची चूक नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास आपली जबाबदारी शून्य. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, नंतरचं बँकेचं. म्हणजे वेळ लिहून ठेवायची, कोणाशी बोललो तेही.

विवेक:
वेगळ्या थ्रेडलाही कोणी उत्तर देत नाही, म्हणून इथे लिहिलं.

मंजिरी:
दिराला १९३० लागला, खातं फ्रीझ झालंय, कम्प्लेंट नंबर मिळाला. एक एफडी ऑनलाइन मोडलेली दिसतेय पण ती रक्कम बचत खात्यातच आहे, बाहेर गेली नव्हती. सासरे विचारतायत फोन कधी चालू करायचा, फॅक्टरी रीसेट करून टाकू का?

सुनील:
थांब, रीसेट इतक्यात नको. ती फाइल आणि ज्या नंबरवरून आली ते चॅट त्याच फोनमध्ये आहे, सायबर पोलिसांना ते लागेल. स्क्रीनचे फोटो दुसऱ्या फोनने काढायला सांग. सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला, आणि नेटबँकिंगचा पासवर्ड दिराच्या लॅपटॉपवरून बदला.