लाकडी वेस्टर म्हणजे 'नाटकातलं सामान' म्हणे! जरा उत्तर द्यायचंय

उलटीधार
परवापासून एक पोस्ट फिरतेय. "लाँगसोर्ड शिकायला लागलात तर लाकडी वेस्टरवर पैसे घालवू नका, ते नाटकातलं सामान आहे, थेट नायलॉन घ्या आणि मग फेडर." (नवीन असाल तर: लाँगसोर्ड म्हणजे दोन हातांनी धरायची युरोपीय तलवार, वेस्टर म्हणजे तिची सरावाची लाकडी नक्कल, नायलॉन म्हणजे प्लास्टिकची, फेडर म्हणजे बोथट, वाकणारी पोलादी.) खाली अंगठ्यांची रांग. मी सहसा अशा ठिकाणी गप्प बसते पण हे वाचून डोकंच फिरलं.

अहो, नायलॉन बाइंडमध्ये घसरतं. दोन पाती एकमेकांना भिडली की समोरच्याचा जोर हातात कळायला हवा, तिथेच सगळा खेळ आहे, आणि नायलॉनचं पातं तिथे लपलपतं. शिकणारा त्या लपलपण्याचीच सवय लावून घेतो, मग हातात पोलाद आलं की पहिल्यापासून सुरुवात. लाकूड निदान थोडं तरी धरतं. पोलादाइतकं नाही, मान्य.

घ्यायचं कसं तर नक्षी, चामड्याची मूठ वगैरे शोभा बघू नका. लाकडाच्या रेघा पॉमेलपासून (मुठीच्या शेवटचा गोळा) टोकापर्यंत सलग गेल्यात का ते बघा. मधेच तिरक्या होऊन कडेला बाहेर पडत असतील तर त्याच जागी एक दिवस फाटणार. गार्डजवळ, म्हणजे मुठीवरच्या आडव्या दांडीजवळ, गाठ असेल तर हातसुद्धा लावू नका. आणि विकणाऱ्यांचं मला एक कळत नाही, लांबी लिहितात, कधीमधी वजन लिहितात, तोल कुठे येतो ते एकजण लिहील तर शपथ. विचारलं तर उत्तर येतं "हातात छान बसते". कोणाच्या हातात?

फेडरभक्त
ती पोस्ट माझीच आहे, आणि तोलाचा विषय काढलात ते बरं केलंत, कारण तुमचा मुद्दा तिथेच पडतो. हिकरीचं लाकूड पाण्यापेक्षा हलकं, पोलाद पाण्याच्या जवळपास पावणेआठ पट जड. खऱ्या तलवारीत पॉमेलचा गोळा पात्याला मागे खेचतो म्हणून ती चपळ वाटते. लाकडाच्या पॉमेलमध्ये ते वजन आणणार कुठून? मग तोल पुढे सरकतो, पातं मोडू नये म्हणून जाड करावं लागतं, की अजून पुढे. हातात काय राहतं, वल्हं!

आणि थ्रस्टबद्दल, म्हणजे टोकाने भोसकण्याबद्दल, एक अक्षर नाही तुमच्या लेखात. फेडरचं पातं टोचल्यावर वाकतं, नायलॉनचंही वाकतं. लाकूड वाकत नाही, सगळा धक्का समोरच्याच्या छातीत नाहीतर गळ्यात.

उलटीधार
स्पारिंगला, म्हणजे मोकळ्या लढतीला, लाकूड वापरा असं मी कुठे लिहिलंय? दाखवा. ड्रिल्ससाठी म्हणतेय, एकट्याने आणि जोडीने, सावकाश.

रंधामास्तर
रेघांचं बरोबर आहे ताई, पण एक गैरसमज सगळीकडे दिसतो म्हणून सांगतो. लोक "वर्षाच्या रेघा जितक्या दाट तितकं लाकूड मजबूत" म्हणून निवडतात. ॲश, हिकरी, ओक यांत साधारण उलटं असतं. या झाडांत वर्षाच्या सुरुवातीचा थर मोठ्या छिद्रांचा आणि नंतरचा घट्ट, झाड जोमात वाढलं की घट्ट थर रुंद होतो. फार दाट रेघा म्हणजे छिद्रंच जास्त. दुसरं म्हणजे कडकपणाचे आकडे तोंडावर फेकू नका. जँका टेस्टमध्ये हिकरी 1820, ॲश 1320, पण तो आकडा गोळी लाकडात रुतवायला किती जोर लागतो त्याचा. आपल्याला हवा चिवटपणा. कुऱ्हाडीचे दांडे हिकरीचे का करतात? कडक म्हणून नाही, झटका सोसते म्हणून.

खांबवीर
वजनावरून सगळे रडताय पण रोमन सैन्यावर लिहिणारा जुना लेखक वेगेशियस वाचलाय का कोणी? रोमन नवशिक्यांना लाकडी दंडुके आणि विणलेल्या ढाली द्यायचे, दोन्ही दुप्पट वजनाच्या, आणि सहा फुटी खांबावर सराव. जड वेस्टरच घ्यावं, खरी तलवार नंतर हातात हलकी लागते. साधी गोष्ट आहे. मी कायम जडच वापरतो.

फेडरभक्त
आला वेगेशियस! कुठलाही धागा उघडा, हा माणूस हजर. अहो तो जुनी पुस्तकं चाळून "पूर्वीचं सैन्य किती भारी होतं" असं लिहिणारा. आणि त्याचंच पुढचं प्रकरण वाचा की, रोमन लोक धारेने वार करणाऱ्यांना हसायचे, टोकाने भोसका म्हणायचे, दोन इंच आत गेलं तरी पुरे. मग तुम्ही दोन हातांनी लाँगसोर्ड फिरवून कट कशाला मारताय? तेही सोडा.

खांबवीर
विषय वजनाचा आहे, कटचा नाही.

फेडरभक्त
वजनाचंच बोलू. बहुतेक अस्सल लाँगसोर्ड सव्वा ते दीड किलोच्या. तुम्ही तीन किलोचं लाकूड फिरवणार, मनगट वेगळ्या वेळेला वळणार, पाय वेगळ्या वेळेला पडणार. ताकद वाढवायची तर डंबेल उचला.

खांबवीर
डंबेलने कधी कट शिकला का कोणी? काहीही. ज्यांना खांबासमोर घाम गाळायचा कंटाळा त्यांनी इतिहास शिकवू नये.

मास्कवाली
तुमचं रोमन भांडण चालू द्या, मी माझं सांगते. आमच्याकडे एक "कायम जड"वाला होता. जोडीने सावकाश ड्रिल चाललं होतं, त्याला वार मधे थांबवायचा होता, थांबलाच नाही, वजनच एवढं. माझा अंगठा. ग्लव्हज होते बरं का, पातळ होते. प्लास्टरात बसून मेसेज टाइप करून बघा एकदा. जोडीदारासमोर जो हत्यार थांबवू शकत नाही त्याचं वाचन मला सांगू नका.

खांबवीर
वाईट झालं, पण ती चूक त्या माणसाची, वजनाची नाही.

मास्कवाली
हो का. हलकं असतं तर थांबलं असतं ना.

खांबवीर
बरं बाबा. जड फक्त खांबासाठी, माणसासमोर नाही. वेगेशियसचे रंगरूटही खांबालाच मारायचे. झाली का शांतता?

फेडरभक्त
नोंद घ्या सगळ्यांनी, ऐतिहासिक दिवस. तरी माझा प्रश्न तसाच आहे, जोडीच्या ड्रिलला लाकडापेक्षा फेडर काय वाईट? जर्मन तलवारबाजी-गुरू मायरच्या 1570 च्या ग्रंथात चित्रं बघा, लाँगसोर्डच्या सरावाला फेडरच आहेत.

उलटीधार
त्याच मायरच्या ग्रंथात डुसाकही आहे, म्हणजे सरावाचं आखूड वाकडं लाकडी हत्यार, तेव्हा सोयीपुरता मायर नको. आणि फेडर महाग आहे, गंजतो, पुसत बसावं लागतं, पहिल्याच महिन्यात कोण घेईल? शिकणं टिकेल की नाही हेच माहीत नसतं. थ्रस्टचं मात्र तुमचं मान्य, लाकडाने थ्रस्ट मारू नये. एवढंच मान्य.

रंधामास्तर
आणि घेतलं की वरचं चकचकीत वार्निश घासून काढा. वार्निशखाली कुसळ उठलं तर दिसत नाही, दिसतं तेव्हा तळव्यात असतं. जवसाचं तेल पातळ हाताने लावा, दर सरावानंतर पात्यावरून बोट न फिरवता कापड फिरवा, जिथे अडकेल तिथे पॉलिश पेपर. लांब चीर दिसली तर गोंद लावून वाचवू नका, टाकून द्या. पण ते तेलाचे बोळे!!! चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका हो, जवसाचं तेल सुकताना तापतं, बोळा आपोआप पेट घेतो. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा. हे मी प्रत्येक ठिकाणी लिहितो, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी हसतं.

फेडरभक्त
नायलॉनला तेल लागत नाही. सहज म्हटलं.

नवाकोरा
सगळं वाचलं. मला फक्त ॲशच्या लाकडाचं घेऊ की बीचच्या एवढं सांगा ना, दोन्ही समोर आहेत, आजच ठरवायचंय.

उलटीधार
ॲश. टोक गोल आणि जाड असलेली.

फेडरभक्त
नायलॉन.

खांबवीर
जड कुठली आहे त्यातली?

रंधामास्तर
बीच दमट हवेत जास्त हलतो, वाकायची भीती. पण रेघा तिरक्या असतील तर ॲशही कामाची नाही. कडेने फोटो काढून टाक, पॉमेलपासून टोकापर्यंत पूर्ण. समोरून नको, कडेने.